बिनधुराचा विस्तव

"मग घरी नेल्यावरच असं का होतं, माई?"

सुगंधाने विचारलं आणि मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. पाच महिन्यांची पोर. मठीत आल्यापासून हातपाय झाडत होती, स्वतःचीच मूठ चोखत होती, मध्येच खुदकन हसत होती.

सोजरमाईने पोरीच्या मुठीला बोट लावलं.

खिंडीच्या वर, भैरोबाच्या देवळामागे माईची मठी होती. तीन बाजूंनी दगडमातीची भिंत, वर गवताचं छप्पर, चौथ्या बाजूला नुसतं मोकळं रान. पौषातलं धुकं त्या बाजूने आत यायचं, जरा रेंगाळायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. माई तिथे एकटी राहायची. किती वर्षं, ते खालच्या गावात कुणाला धड सांगता येत नव्हतं. लोक दुखणीखुपणी घेऊन यायचे. माई कुणाला अंगारा द्यायची, कुणाजवळ नुसती बसायची.

"सकाळी उठवते तर उठत नाही," सुगंधा म्हणाली. "मान टाकते. दूध ओढत नाही. गाल थोपटायचे, तळपाय चोळायचे, तेव्हा कुठे डोळे उघडते. आणि तुमच्याकडे यायला निघाले, की वाटेतच बरी होते. आठ दिवसांतली ही तिसरी खेप माझी."

"चांगलं आहे की. बरी होते ना?"

"चांगलं कसलं, माई. म्हणजे घरातच काहीतरी आहे."

माईने पोरीच्या टाळूवरून बोट फिरवलं.

"तुझं कसं?"

"माझं काय?"

"सकाळी उठतेस तेव्हा."

"डोकं जड असतं. मळमळतं. ते जागरणानं. हिच्या नाकाखाली बोट धरून बसते मी, श्वास लागतो का बघत. मग कधी डोळा लागतो ते कळत नाही. एरवी कशी दचकून उठणारी मी. हल्ली मेल्यासारखी झोपते..." ती थांबली. "माझं राहू द्या हो. हिचं बोला."

"घरात आणखी कोण?"

"कुणी नाही. हिचे वडील ट्रकवर. महिन्या-दोन महिन्यांनी तोंड दाखवतात. वाटण्या झाल्यावर आम्ही रानात घर बांधलं. मी आणि ही. एक कोंबडी होती, तीपण चार दिवसांपूर्वी गेली."

"कोल्हा?"

"कोल्हा कुठला. घरातच डालग्याखाली झाकली होती. सकाळी बघते तर आडवी. अंगावर ओरखडा नाही." सुगंधाचा आवाज खाली गेला. "आता कुणाची पाळी, माई? एवढंच सांगा मला. नाहीतर मी इथंच राहते. झाडलोट करीन, पाणी आणीन. हिला तेवढी तुमच्या सावलीत ठेवा."

धुकं आत आलं. पोरीच्या टोपड्याच्या नाड्यांशी खेळलं. निघून गेलं.

"चूल पेटवता येते तुला?" माईने विचारलं.

सुगंधाला ते लागलं.

"माई, मी सात वर्षांची असल्यापासून चुलीपुढे बसते."

"मग चहा ठेव."

"येते का, असं विचारलंत म्हणून म्हटलं. माझ्या आईचा पदर पेटलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. वाचली ती. पण तेव्हापासून विस्तवाच्या बाबतीत माझ्याकडून कणभर चूक होत नाही."

"बघू की."

माईची चूल मठीच्या उघड्या तोंडाशी, एका फरशीच्या आडोशाला होती. सुगंधा उठली. आधी तिने पोरीला पार मागे, भिंतीजवळ गोधडीवर निजवलं. पदर खोचला, दोनदा ओढून पाहिला. चुलीतली शिळी राख पत्र्याने खरवडून काढली. शेजारी रचलेल्या गोवऱ्या हातभर लांब सरकवल्या.

"या इथं कुणी रचल्या?"

"मीच."

"ठिणगी उडाली म्हणजे?"

माईने गोवरीचा एक तुकडा तिच्याकडे सरकवला.

सुगंधाने पाण्याची कळशी हाताशी आणून ठेवली. मग लाकडं निवडायला बसली. दोन फाटे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायची. खणखणीत वाजलं तर घ्यायची, बद्द वाजलं तर बाजूला. खाली काटक्या, त्याही एकमेकींना चिकटू न देता, वर गोवरीचा तुकडा, मग बारीक ढलपी. एकच काडी ओढली. फुंकणीने दोन फुंका घातल्या, तिसरी लागली नाही.

जाळ नीट, सरळ वर गेला. तिने वर चहाचं पातेलं ठेवलं.

"धूर नाही आला," माई म्हणाली.

"येतच नाही." सुगंधाला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या कामाकडे कुणीतरी पाहत होतं. "ओलं लाकूड घालायचं नाही आणि चूल गच्च भरायची नाही, झालं. बायका डोळे चोळत बसतात, ते आळसानं."

"घरीही अशीच?"

"घरी तर याहून. धूर लेकराच्या छातीत बसतो. मी काय करते, पाठीमागच्या पडवीत चूल पेटवते. तिथंच सगळा धूर निघून जाऊ देते. लाल निखारे झाले की घमेल्यात खाली राख घालायची, त्यावर निखारे, आणि घमेलं बाजेखाली. बाजूनं विटा. गोधडीचं टोकसुद्धा लोंबू देत नाही. लेकरू रात्रभर कसं उबेत राहतं."

"हे कुणी शिकवलं?"

"आईनं. बाळंतपणाला आली होती ना, तिनं चार महिने आम्हाला असंच शेकलं."

"तेव्हा उठायची का पोर?"

"तेव्हा? पहाटेच किंचाळायची. पण तेव्हा आई होती घरात. सारखी आतबाहेर करायची. पाणी तापव, दुपटी वाळव. दाराला म्हणून चैन नव्हती. मी ओरडायचे, आई, वारा येतो. ती कुठली ऐकतेय."

"आणि ती परत गावी गेल्यावर?"

"ती गेल्यावर मी सगळं नीट केलं." सुगंधा बोटांवर मोजू लागली. "झरोक्यात चिंध्या कोंबल्या. कौलाखाली भिंतीच्या माथ्याला फट होती, ती शेणमातीनं बुजवली. दाराच्या खाली पोतं. दिवा घेऊन बघत गेले, माई. ज्योत जिथं हलली, तिथं माती. आता मुंगीला वाट नाही."

"मुंगीला वाट नाही," माई म्हणाली.

"हो."

"आणि निखाऱ्याचा धूर?"

सुगंधा हसली. माईला एवढंही ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं.

"निखाऱ्याला कुठला धूर? धूर नाही म्हणजे काहीच नाही."

माईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चहाकडे पाहिलं.

"उतू जाईल," ती म्हणाली.

दोघींनी चहा घेतला. खालच्या रानातून गुराची घंटा ऐकू आली, मग तीही ऐकू येईना. सुगंधाला वाटलं, चार दिवसांत आपण माणसाशी बोललो ते हेच. घरी ती पोरीशी बोलायची. भांडं घासताना बोलायची, भाकरी थापताना बोलायची. आणि पोर सकाळी उत्तर द्यायची नाही, मान टाकायची.

चहा झाल्यावर तिला चुलीतले निखारे तसेच सोडून बसवेना.

"माई, एखादं रिकामं मडकं आहे का?"

"त्या कोपऱ्यात."

तिने मडकं आणलं. चिमट्याने एकेक निखारा उचलून आत टाकला. वर मातीची परळ उपडी घातली. कळशीतलं पाणी घेऊन मूठभर माती कालवली आणि परळीच्या कडेने बोट फिरवत गेली.

"हे काय करतेस?"

"कोळसे होतील तुम्हाला. पुढल्या वेळी चूल लवकर धरेल."

"विझवायचे तर पाणी मारायचं की."

"पाण्यानं कोळसा फुटतो. परत धड पेटत नाही." बोट फिरतच होतं. "त्याला काही करावं लागत नाही, माई. झाकण घट्ट बसलं, की आतल्या आत आपोआप निजतो."

"काय म्हणालीस?"

"निजतो म्हटलं."

"हूं."

सुगंधाने पोरीला पाजलं. पोर पोटभर प्यायली आणि मग आईच्या गळ्यातले काळे मणी ओढत बसली. डोक्यावरचं टोपडं तिने ओढून काढलं होतं, ते गोधडीवर पडलं होतं. तांबडं, सुती, काठाला पांढरी झालर. आजीने शिवलेलं.

धुकं विरलं. ऊन मठीच्या तोंडाशी आलं, खांबाला टेकलं आणि हळूहळू आत सरकलं.

"बघ बरं आता," माई म्हणाली.

सुगंधाने वाळलेली माती खरवडून परळ काढली. आत हात घातला. काळेभोर, गार कोळसे.

"विझले की."

"पाणी घातलं होतंस?"

"नाही हो. तुमच्यासमोर तर..."

"वारा लागला?"

"वारा कुठून लागणार? सगळीकडनं लिंपलं होतं."

"मग कुणी मारलं त्यांना?"

"कुणी नाही. झाकण होतं ना..."

माईने हात पुढे केला. मडकं आपल्याकडे ओढलं. कोळसे बाहेर ओतले. पदराने आतून पुसलं, सावकाश, जसं देवाचं भांडं पुसावं.

मग तिने गोधडीवरचं ते तांबडं टोपडं उचललं आणि मडक्यात ठेवलं.

"अहो माई, काळं होईल ते..."

माईने परळ उपडी घातली. उरलेली ओली माती बोटावर घेतली आणि कडेने फिरवू लागली. म्हातारं बोट. एकेक तसू पुढे सरकत होतं. सुगंधा बघत होती. कामसू बाईचे डोळे तिचे, ते आपोआप त्या बोटाच्या मागे जात होते.

"कुठे राहिलं का गं?" माईने विचारलं.

"इथं. इथं जरा फट आहे."

माईने तिथे माती लावली.

"आता?"

"आणि हे मागं. हे बघा, इथनं..."

सुगंधाचं बोट मडक्यावर टेकलेलं होतं. ते तिथेच राहिलं.

...

माईने मातीचा शेवटचा गोळा हातावर धरला होता आणि ती वाट बघत होती.

पोर मागे काहीतरी पुटपुटत होती.

सुगंधाने दोन्ही हातांनी परळ ओढली. ती निघेना. ओली माती चिकटून बसली होती. तिने मडकं उचललं आणि फरशीवर आपटलं. खापऱ्या इकडेतिकडे उडाल्या. तिने त्यांतून टोपडं काढलं, झटकलं, नाकाशी धरलं, गालाशी धरलं. मग पोरीला उचलून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

पाठ माईकडे.

"किती रात्री, माई..." ती म्हणाली. "आई परत गेली त्याला महिना होईल. पहिल्यांदा फक्त दाराखाली पोतं सारलं होतं. मग दर दोन दिवसांनी एकेक फट. थंडी वाढली तसे निखारेपण वाढवले. ही जास्त झोपायला लागली, तर मला वाटलं, ऊब लागतेय. बरं वाटलं मला."

माई मडक्याच्या खापऱ्या गोळा करत होती.

"माझाच हात होता. कोंबडीला पण..." तिने पोरीला छातीशी धरलं.

"तू पण झाकणाखालीच होतीस," माई म्हणाली.

सुगंधाने डोळे पुसले. हळूहळू तिच्यातली ती नीटनेटकी बाई परत आली. बोटं मोजायला उठली.

"आज गेल्या गेल्या झरोका मोकळा करते. भिंतीच्या माथ्याची सगळी माती काढते. घमेलं रात्री बाजेखाली ठेवतच नाही. संध्याकाळी घर शेकायचं तर दार उघडं ठेवून, आणि निजायच्या आधी निखारे बाहेर. हिला अंगाशी घेईन. दोन गोधड्या घेईन. चालेल ना?"

"चालेल."

"दाराखालचं पोतं काढते."

"आणि दार?"

"दार लावीन. वारा येतो, माई, उघड्यावर घर आहे."

"वाऱ्याला दार लोटलं तरी पुरतं. कडी कुणाला घालतेस?"

सुगंधाने चटकन वर पाहिलं.

"कडी... एकटी बाई मी. रात्रीची घालावीच लागते."

"रात्रीची घाल. दिवसाची?"

...

खालच्या रानात ऊन पसरलं होतं. ओढा दिसत होता. ओढ्याच्या अलीकडे एक घर, पलीकडे एक घर. पलीकडच्या घरातून धूर निघत होता. अलीकडच्या घरातून काही निघत नव्हतं.

"थोरली जाऊ आहे माझी," सुगंधा म्हणाली. आवाज कोरडा झाला होता. "अनुबाई. ते पलीकडचं घर. लग्नाला बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिन्हीसांजेला यायची. बाहेरनं कडी वाजवायची. सुगंधा, पोर दाखव गं. एवढंच म्हणायची. मी आतून बोलायचे नाही. हिच्या तोंडावर हात धरायचे, आवाज करू नये म्हणून."

"मग?"

"थांबायची जरा. तिची सावली दाराखालच्या फटीत दिसायची. मग जायची. एकदा उंबऱ्यावर खोबऱ्याचे लाडू ठेवून गेली. मी ते कुत्र्याला घातले." तिने खाली ओढ्याकडे पाहिलं. "लोक म्हणतात, अशा बाईची नजर..."

"कोण लोक?"

सुगंधाने हातातलं टोपडं उलटंपालटं केलं.

"कोण म्हणालं तुला?"

"कुणीच नाही. कुणी येतंच कुठे माझ्याकडे." ती खाली बसली. "मीच म्हणते. मनात. आणि ते पोतं तिच्यासाठीच घातलं आधी, माई. वाऱ्यासाठी नाही. तिची सावली आत येऊ नये म्हणून घातलं. मग म्हटलं, वारापण अडतो, बरं झालं. मग एकेक बुजवत गेले."

माईने खापऱ्या एका बाजूला रचल्या.

"कोंबडी मेली त्या दिवशी ओढ्यावर भेटली ती. धुणं धूत होती. मी तिला बोलले. सगळ्या बायांसमोर."

"काय बोललीस?"

"नका विचारू."

माईने चुलीतली राख सारखी केली.

"ती उलटून बोलली नाही. पिळे तसेच टोपलीत टाकले आणि गेली. त्या दिवसापासून येत नाही." सुगंधा पोरीच्या डोक्यावर टोपडं चढवू लागली. नाड्यांची गाठ बसेना. "तिचा काही दोष नव्हता, माई. एवढासुद्धा नव्हता. मी घरातच... आणि तिला..."

गाठ बसली. सैल बसली. तिने ती तशीच राहू दिली.

ती उठली. पोरीला कडेवर घेतलं. आज अंगारा मागितला नाही. चार पावलं गेली, परत वळली. खाली ओढ्यापलीकडे तो धूर अजून सरळ वर जात होता.

"दार उघडं ठेवीन मी," ती म्हणाली. "पण तिनं ते लांबनं पाहिलं आणि आली... दारात येऊन उभी राहिली, काही न बोलता. तर मी काय करू? कोणत्या तोंडानं काय म्हणू तिला?"

माई चुलीपाशी बसली होती. तिने राखेत हात घातला, चाचपला, परत काढला.

"बस म्हण," ती म्हणाली. "मांडी तिलाही आहे."